प्रताधिकाराचा कायदा आणि वाचकाचे निवेदन

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जी संघसूची आहे, म्हणजे ज्या विषयांवर केवळ संसदेनेच कायदे करावयाचे त्यांची जी यादी आहे, तिच्या ४९ व्या क्रमांकावर एकस्वे आणि व्यापारचिन्हे यांच्या जोडीला प्रताधिकाराचा, अर्थात रूढ भाषेत कॉपीराइटचा, समावेश केलेला आहे. त्यामुळे पुस्तकाची प्रत कोणी काढावी, भाषांतराला संमती कोणी द्यावी, लेखकाच्या निधनानंतर किती वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले व्हावे, यांपैकी कोणताही प्रश्न मुंबईच्या किंवा पर्वरीच्या विधानसभेत सुटू शकत नाही. तो दिल्लीतच सुटतो किंवा अडतो. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात, गोव्यातून लोकसभेवर २ आणि राज्यसभेवर १. ग्रंथालयाच्या अनुदानासाठी आमदाराकडे खेटे घालणारा कार्यकर्ता आणि संमेलनाच्या निधीसाठी पालकमंत्र्यांची भेट मागणारा पदाधिकारी मराठी सार्वजनिक जीवनात नवा नाही. पण प्रताधिकार कायद्याच्या एखाद्या कलमासाठी खासदाराच्या दारी गेलेले शिष्टमंडळ मात्र क्वचितच आढळते. ज्या समाजाचे वैचारिक जीवन पुस्तके, दिवाळी अंक, नाटके आणि गाणी यांवर पोसलेले आहे, त्या समाजात ही उदासीनता असावी, ही चिंतेची बाब आहे.

लेखक, चित्रकार, संगीतकार यांना आपल्या कृतीच्या प्रती काढण्याचा, ती प्रसिद्ध करण्याचा, तिचे भाषांतर किंवा रूपांतर करण्याचा जो एकाधिकार कायदा ठराविक मुदतीपुरता देतो, तो प्रताधिकार होय. मुदत संपली की कृती सार्वजनिक मालकीची होते आणि ती कोणालाही छापता येते. मुदत चालू असतानाही अभ्यास, समीक्षा, अध्यापन अशा काही कारणांसाठी परवानगी लागत नाही. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमात या अपवादांची यादी दिलेली आहे. म्हणजे एकीकडे निर्मात्याच्या श्रमाचा मोबदला आणि दुसरीकडे वाचकाची ज्ञानाची गरज, अशा दोन न्याय्य मागण्यांमध्ये हा कायदा उभा आहे, आणि त्यातला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की हजारो लोकांचे हक्क कमी-अधिक होतात. असा शब्द बदलण्याची वेळ येते तेव्हा ज्यांचे हितसंबंध संघटित आहेत ते दिल्लीत हजर असतात; जे हजर नसतात त्यांच्या वतीने सहसा कोणी बोलत नाही.

लोकप्रतिनिधींना पत्रे लिहून प्रताधिकाराचा कायदा घडवण्याचा एक मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला, आणि त्याचा धागा थेट मुंबई इलाख्यापर्यंत येतो. थॉमस टॅलफर्ड हे वकील आणि नाटककार असलेले सदस्य १८३७ पासून हाउस ऑफ कॉमन्समध्ये असे विधेयक पुन्हा पुन्हा मांडत होते, की लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहावा. कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांनी त्या विधेयकाच्या बाजूने कितीतरी सदस्यांना स्वतः पत्रे लिहिली, थॉमस कार्लाइल यांनी सभागृहाला रीतसर अर्ज केला. उलट बाजूने मुद्रक, जुळारी आणि स्वस्त आवृत्त्या काढणारे पुस्तकविक्रेते यांचेही अर्ज आले, कारण मुदत वाढली तर त्यांच्या हातचे काम जाणार होते. ५ फेब्रुवारी १८४१ रोजी मेकॉले यांनी या विधेयकाविरुद्ध जे भाषण केले त्याचा गाभा असा होता, की प्रताधिकार म्हणजे लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकावर बसवलेला कर आहे, हा कर आवश्यक असला तरी बक्षिसाच्या उद्देशापलीकडे तो एक दिवसही चालू राहू नये. विधेयक फेटाळले गेले आणि पुढच्याच वर्षी तडजोड म्हणून ४२ वर्षे किंवा लेखकाचे आयुष्य अधिक ७ वर्षे, यांतील जी जास्त असेल ती मुदत मान्य झाली. हीच मुदत १८४७ च्या २० व्या अधिनियमाने कंपनी सरकारच्या भारतातील मुलखाला लागू करण्यात आली. १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या मेकॉले यांच्या युक्तिवादाची छाप अशा रीतीने इथल्या ग्रंथव्यवहारावरही पडली, परंतु १८४७ मध्ये ज्या परिषदेने तो कायदा केला तिच्यात एकही भारतीय सदस्य नव्हता, आणि ज्याला अर्ज करावा असा प्रतिनिधीच या देशातील लेखकाला किंवा वाचकाला उपलब्ध नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटली. १९५५ मध्ये मांडल्या गेलेल्या विधेयकात लेखकाच्या निधनानंतरची मुदत २५ वर्षे ठेवण्याचा प्रस्ताव होता. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपुढे विधेयक गेल्यावर ती ५० वर्षांची करण्यात आली आणि त्याच स्वरूपात १९५७ चा अधिनियम संमत झाला. समितीच्या खोलीत कायद्याचा आकडा दुप्पट होऊ शकतो, हे स्वतंत्र भारताच्या पहिल्याच प्रताधिकार कायद्याने दाखवून दिले होते. त्याउलट समितीच नसली तर काय होते, याचे उदाहरण १९९१ चे आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन १९४१ मध्ये झाले असल्याने त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. वर्ष सरायला अवघे तीन-चार दिवस उरले असताना अध्यादेश, म्हणजे संसदेचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा, निघाला आणि मुदत ५० वरून ६० वर्षांची झाली. १९९२ मध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. एका थोर कवीच्या ग्रंथांसाठी उचललेले हे पाऊल देशातील प्रत्येक भाषेतल्या लेखनाला लागू झाले. साने गुरुजींचे निधन जून १९५० मधले. जुन्या मुदतीप्रमाणे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २००१ रोजी कोणत्याही प्रकाशकाला छापता आली असती, ती १ जानेवारी २०११ रोजी खुली झाली. ही दहा वर्षे वारसांना मिळावीत की वाचकांना, यावर दोन मते असू शकतात. पण त्या मतांपैकी एकही व्यक्त करण्याची संधी अध्यादेशाच्या मार्गाने कोणाला मिळाली नाही, आणि कायदा करण्याच्या पद्धतीतला हा दोष गंभीरच मानला पाहिजे.

निवेदनाने कायदा बदलतो याचा भारतातील सर्वांत स्पष्ट पुरावा २०१० ते २०१२ या काळातला आहे. मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी एप्रिल २०१० मध्ये राज्यसभेत प्रताधिकार (सुधारणा) विधेयक मांडले. त्यात दृष्टिहीन आणि अन्य अपंग वाचकांसाठी प्रथमच एक अपवाद सुचवला होता, आणि वरवर पाहता तो स्वागतार्ह होता. परंतु तो केवळ अशा वाचकांसाठीच खास बनवलेल्या स्वरूपातील प्रतींपुरता, म्हणजे मुख्यतः ब्रेलपुरता, मर्यादित होता. दृष्टी गमावलेल्या माणसांपैकी अनेकांना ब्रेल येत नाही. मधुमेहाने किंवा अपघाताने प्रौढ वयात अंधत्व आलेल्या माणसाच्या बोटांना ती लिपी सहजी साधत नाही. शब्दांधत्व असलेल्या मुलाला तिचा काहीच उपयोग नसतो. ज्याच्या हातांना पुस्तक धरता येत नाही त्याला तर डोळे असूनही छापील पान अप्राप्य असते. अशा वाचकांची भिस्त ध्वनिमुद्रित पुस्तकांवर, मोठ्या टायपातील प्रतींवर आणि संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पडदावाचक प्रणालीवर असते.

या कामाची प्रत्यक्ष रीत पाहिली म्हणजे विधेयकातील त्रुटी ध्यानात येते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रात क्रमिक पुस्तकाची बांधणी सोडवून एकेक पान स्कॅनरवर ठेवावे लागते, त्या पानाच्या चित्राचे अक्षरांत रूपांतर करावे लागते, आणि मग मूळ पुस्तक शेजारी ठेवून चुका दुरुस्त कराव्या लागतात. देवनागरी अक्षरे ओळखणारी प्रणाली त्या काळी इतकी कच्ची होती, की मराठी पुस्तक पुष्कळदा पुन्हा टंकलिखितच करावे लागे किंवा स्वयंसेवकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून ध्वनिमुद्रित करावे लागे. एवढ्या कष्टाने तयार झालेली फाइल किंवा ध्वनिफीत सर्वसाधारण डोळस माणसालाही वापरता येण्याजोगी असल्याने ती ‘खास’ स्वरूपात बसत नव्हती, आणि म्हणून ती बनवणे हा परवानगीशिवाय केलेला हक्कभंग ठरत होता. अशा प्रतींसाठी विधेयकाने सक्तीच्या परवान्याची, म्हणजे हक्कधारकाची संमती नसतानाही प्रताधिकार मंडळाकडून मिळवायच्या परवान्याची, वेगळी वाट ठेवली होती. त्यासाठी अर्ज करणारी संस्था आयकर कायद्याखाली आणि शिवाय अपंग व्यक्तींच्या १९९५ च्या कायद्याखाली नोंदलेली असणे आवश्यक होते, आणि अर्ज करायचा तोही प्रत्येक पुस्तकासाठी स्वतंत्रपणे. सहा महिन्यांच्या सत्रात अभ्यासायच्या पुस्तकासाठी मंडळाच्या निर्णयाची वाट पाहणारा विद्यार्थी परीक्षेला कोणत्या तयारीने बसणार होता, हा प्रश्न विधेयकाच्या मसुदाकारांना सुचलेला दिसत नाही.

तो सुचवण्याचे काम वाचकांनी केले. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र, डेझी फोरम ऑफ इंडिया, बंगळुरूचे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी, वकील राहुल चेरियन यांची इन्क्लुझिव्ह प्लॅनेट ही संस्था, अशा अनेकांनी वाचनाच्या हक्काची मोहीम चालवली आणि आपले म्हणणे मंत्रालयापुढे, खासदारांपुढे आणि ऑस्कर फर्नांडिस यांच्या अध्यक्षतेखालील मनुष्यबळ विकासविषयक स्थायी समितीपुढे मांडले. या समितीचा २२७ वा अहवाल २३ नोव्हेंबर २०१० रोजी सादर झाला आणि त्यात अपवादाची व्याप्ती वाढवण्याची गरज मान्य करण्यात आली. १७ मे २०१२ रोजी राज्यसभेने आणि २२ मे रोजी लोकसभेने विधेयक संमत केले तेव्हा ५२ व्या कलमात ‘कोणत्याही सुलभ स्वरूपात’ अशा आशयाची तरतूद आली होती: अपंग वाचकासाठी कोणतीही व्यक्ती ब्रेल, ध्वनिमुद्रण, संगणकीय मजकूर अशी कोणतीही प्रत काढू शकते, आणि नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थाही ते करू शकतात. या तरतुदीमुळे भारताला पुढच्या वर्षी माराकेश येथे झालेल्या, दृष्टिहीन वाचकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत आत्मविश्वासाने बोलता आले, आणि २०१४ मध्ये त्या कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. आजही मराठी कादंबरीचे ध्वनिमुद्रण दृष्टिहीन वाचकाला पाठवणारा स्वयंसेवक ज्या कायदेशीर आधारावर उभा आहे, तो आधार अशा निवेदनांनी मिळवून दिलेला आहे.

त्याच विधेयकातील आणखी एका तरतुदीचा प्रवास उलट दिशेने झाला. परदेशात लेखकाच्या संमतीने छापलेली प्रत भारतात आणली तर तिला चोरटी प्रत समजू नये, असे एक परंतुक, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेला अपवाद सांगणारे वाक्य, दुसऱ्या कलमात घालण्याचा प्रस्ताव होता. व्यापारी भाषेत याला समांतर आयात म्हणतात. ग्रंथालये आणि विद्यार्थी यांना परदेशी पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या लवकर व स्वस्त मिळाव्यात, हा त्यामागचा विचार होता आणि स्थायी समितीनेही तो उचलून धरला होता. इंग्रजी पुस्तकांच्या प्रकाशकांनी मात्र असे प्रतिपादन केले, की परदेशातील न खपलेल्या प्रतींचा पूर येईल, भारतासाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्यांचा पाया ढासळेल आणि लेखकाचे मानधन बुडेल. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि समितीची शिफारस अनुकूल असूनही शासनाने ते परंतुक अखेरच्या मसुद्यातून वगळले, आणि त्या निर्णायक महिन्यांत प्रकाशकांच्या संघटित आवाजापुढे ग्रंथपालांचा आणि विद्यार्थ्यांचा आवाज क्षीणच राहिला. समितीचा अहवाल आला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवले पाहिजे.

गीतकार आणि संगीतकार यांची बाजू तिसरी. चित्रपटासाठी केलेल्या रचनेवर निर्मात्याचाच हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला, आणि तो कायद्याने सुधारायला ३५ वर्षे जावी लागली. २०१० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेले जावेद अख्तर यांच्या रूपाने गीतकारांचा प्रतिनिधी सभागृहातच बसलेला होता, आणि स्वामित्वधनातील आपला वाटा लेखी करारानेही सोडून देता येणार नाही अशी तरतूद अखेर झाली. मराठी गीतकारालाही तिचे संरक्षण मिळते, जरी तिच्यासाठी झगडणाऱ्यांत मराठी संस्था ठळकपणे दिसल्या नाहीत.

खासदाराला पत्र लिहिण्याचा उपयोग केव्हा होतो, हे समजण्यासाठी संसदेच्या कामकाजातील एक वैशिष्ट्य ध्यानी घ्यावे लागते. अमेरिकेत १८ जानेवारी २०१२ रोजी, ऑनलाइन चाचेगिरीविरोधी दोन विधेयकांच्या निषेधार्थ, इंग्रजी विकिपीडियाने आपली पाने चोवीस तास झाकून ठेवली आणि वाचकांना आपापल्या प्रतिनिधींचा संपर्क शोधून दिला. ८० लाखांहून अधिक लोकांनी तो शोधला आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयकांची वाटचाल थांबली. तेथील सदस्य आपल्या मतदाराला भिऊन पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो. भारतात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश, अर्थात व्हिप, मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. म्हणून मतदानाच्या दिवशी पाठवलेली लाख पत्रेही सत्ताधारी सदस्याचा हात बदलू शकणार नाहीत. स्थायी समितीत मात्र पक्षादेश चालत नाही. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० अशा ३१ सदस्यांची ही समिती असते, मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, बैठका बंद दाराआड होतात, आणि तिथे विरोधी व सत्ताधारी सदस्य एकाच टिपणावर विचार करू शकतात. विधेयक आले की समिती जाहिरात देऊन लेखी निवेदने मागवते आणि काही निवेदनकर्त्यांना साक्षीसाठी बोलावते. सोळाव्या आणि सतराव्या लोकसभेच्या काळात समित्यांकडे जाणाऱ्या विधेयकांचे प्रमाण बरेच घटले, ही लोकशाहीची हानी आहे. आणि म्हणूनच विधेयक समितीकडे पाठवा, एवढीच मागणी करणारे पत्रही खासदाराला लिहिण्याच्या योग्यतेचे ठरते. त्याआधीचा टप्पा २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणाचा आहे, ज्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित असते, जरी हे धोरण कायद्याइतके बंधनकारक नाही.

निवेदनाचे बळ त्याच्या नेमकेपणात असते. एकाच मजकुराखाली गोळा केलेल्या सह्यांमधून लोकांची संख्या कळते, पण समितीच्या सचिवालयाला अहवालात घालता येईल असे त्यातून काही हाती लागत नाही. विधेयकातील अमुक कलमातील अमुक शब्दामुळे तालुक्याच्या ग्रंथालयात, नाट्यसंस्थेत किंवा शाळेत नेमके काय अडते, त्याऐवजी कोणता शब्द हवा, आणि त्या शब्दाने दुसऱ्या बाजूचे नुकसान का होत नाही, एवढे दोन पानांत मांडले तर खासदार त्यावरून दुरुस्तीची सूचना देऊ शकतो, प्रश्न विचारू शकतो किंवा ते समितीपुढे ठेवू शकतो. सभागृहाकडे सदस्यामार्फत रीतसर याचिका करायची असल्यास तिच्यावर त्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि ती हिंदी किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असल्यास भाषांतर जोडावे लागते. खासदाराला लिहिलेल्या पत्रावर असे कोणतेही बंधन नाही.

हे सारे आज तातडीचे झाले आहे. प्रताधिकाराचा विषय २०१६ पासून उद्योग व अंतर्गत व्यापार पाहणाऱ्या विभागाकडे गेलेला असल्याने त्याच्याशी संबंधित स्थायी समिती आता वाणिज्यविषयक आहे. या विभागाने स्वतः नेमलेल्या एका समितीने डिसेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या कार्यपत्रिकेचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि त्यात अशी व्यवस्था सुचवली, की भाषाप्रणालींच्या प्रशिक्षणासाठी कायदेशीररीत्या उपलब्ध असलेले लेखन वापरण्यास सक्तीचा सरसकट परवाना असावा, लेखकाला नकार देता येऊ नये, पण त्याच्या बदल्यात एका केंद्रीय यंत्रणेमार्फत स्वामित्वधन मिळावे. या प्रस्तावाचे मराठीपुरते अर्थ कोणीतरी उलगडायला हवेत. प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशीच होते, करारात मुदत नसेल तर ते ५ वर्षांचे मानले जाते, असे १९ वे कलम सांगते. मराठीत मात्र पुष्कळ व्यवहार शब्दावर चालत आले. मग गेल्या पन्नास वर्षांच्या दिवाळी अंकांत विखुरलेल्या कथा-कवितांचे स्वामित्वधन कोणाच्या खात्यावर जमा होणार? बंद पडलेल्या प्रकाशनांच्या लेखकांची नोंद कोण करणार? वारस सापडत नसलेल्या लेखकाचा वाटा कोणाकडे जाणार? दिल्लीतील मसुदाकाराला हे प्रश्न माहीत असण्याचे कारण नाही, आणि मोठ्या इंग्रजी प्रकाशकांना ते पडणार नाहीत.

महाराष्ट्र साहित्य परिषद, मराठी प्रकाशक परिषद, गोमंतक मराठी अकादमी आणि राज्यातील ग्रंथालय संघ यांनी आपल्या कार्यकारिणीच्या येत्या बैठकीतच हा विषय घ्यावा, कलमवार टिपण तयार करावे, त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि ते वाणिज्यविषयक समितीच्या अध्यक्षांकडे तसेच महाराष्ट्र व गोव्याच्या सर्व खासदारांकडे पाठवावे. ज्या लेखकाचे एकही पुस्तक छापले गेले आहे आणि ज्या वाचकाने एकदा तरी ग्रंथालयाची वर्गणी भरली आहे, त्याने संस्थेची वाट न पाहता आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला मराठीत एक पत्र लिहावे, आणि ते विधेयक सभागृहात मांडले जाण्यापूर्वी लिहावे.